पाऊस मिलिमीटरमध्ये नको, तासांत मोजा: पुण्याच्या हवेतले लिंबू-मोसंबीचे पानरोग

मे महिन्यात दुपारी साडेतीनला वळीव येतो, अर्ध्या तासात ३० मिलिमीटर ओतून जातो, पुन्हा ऊन पडतं आणि साडेपाचपर्यंत पानं कोरडी होतात. जुलैत पुनर्वसू-पुष्याची भुरभुर दिवसभर मिळून जेमतेम ४ मिलिमीटर भरते, पण संध्याकाळी पाचला भिजलेलं पान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुकतं. म्हणजे सतरा तास ओल. पर्जन्यमापक पहिल्या पावसाला मोठा म्हणतो. बुरशीला मात्र दुसरा हवा असतो.

बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणून रोग होत नाही. त्याला रुजायला पाण्याचा पातळ थर लागतो, आणि आत शिरेपर्यंत तो थर टिकावा लागतो. मध्येच पान सुकलं तर बहुतेक बीजाणू तिथेच मरतात. म्हणून फवारणीचा निर्णय तीन गोष्टींवर घ्यावा: पान सलग किती तास ओलं होतं, त्या वेळी तापमान किती होतं, आणि झाडावर नवती, म्हणजे कोवळी नवी फूट होती, की जून पानं. ‘पाऊस झाला, फवारा मारा’ या सवयीने निम्मं औषध वाया जातं आणि नेमक्या वेळी झाड उघडं राहतं.

आधी डाग ओळखा

कागदी लिंबाच्या पानावर सगळ्यात जास्त दिसणारा डाग बुरशीचा नसतोच. तो खैऱ्या, म्हणजे कॅंकर, आणि तो जिवाणूजन्य आहे. पान उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंनी उठलेला, बोट फिरवलं तर खरखरीत, मधे खळगा आणि भोवती पिवळं वलय असेल तर खैऱ्या. त्याला वाऱ्यासोबतचा पाऊस आणि नागअळीने पोखरलेलं पान लागतं. मँकोझेब किंवा कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं मारून तो हटत नाही. ताम्रयुक्त औषध आणि नागअळीचा बंदोबस्त, हाच त्यावरचा मार्ग.

मेलॅनोजचे डाग बारीक, तपकिरी-काळे, टाचणीच्या टोकाएवढे असतात आणि पानावर सॅंडपेपर फिरवल्यासारखे लागतात. पावसाचं पाणी जिथून ओघळलं तिथे ते रेषेत दिसतात. तेलकट डाग, ज्याला ग्रीसी स्पॉट म्हणतात, तो पानाच्या खालच्या बाजूने सुरू होतो. आधी फिकट पिवळसर फुगवटा, मग तपकिरी, मग काळपट तेल सांडल्यासारखा. (नावावरून गोंधळ नको. डाळिंबाचा तेल्या जिवाणूचा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) शेंडेकरप्यात कोवळ्या फुटीचं टोक पोळल्यासारखं वाळतं आणि फांदी टोकाकडून मागे मरत येते. स्कॅबमध्ये कोवळं पान वाकडंतिकडं होतं आणि त्यावर चामखिळीसारख्या खपल्या उठतात. भुरी, म्हणजे पानावरची पिठासारखी पांढरी बुरशी, ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. काळी काजळी बोटाने पुसून निघत असेल तर ती कोळशी. ती मावा, काळी माशी यांनी सांडलेल्या चिकट्यावर वाढते, तेव्हा आधी कीड मारा.

हवा मोजायचं घरगुती साहित्य

पर्जन्यमापक विकत घ्यायची गरज नाही. १० सेंटिमीटर व्यासाचं सरळ कडेचं नरसाळं बाटलीत बसवा आणि बाटली खांबाला कंबरेएवढ्या उंचीवर, झाडांच्या आडोशापासून लांब बांधा. या नरसाळ्याचं तोंड ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी. रोज सकाळी साडेआठला औषधाच्या मापाने मोजा. हवामान खात्याचा दिवसही त्याच वेळी बदलतो, त्यामुळे बातमीतला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवता येतात.

ओलीचे तास मोजायला दोन साधे थर्मामीटर पुरतात. एकाच्या फुग्यावर ओली मलमलची वात गुंडाळा, तिचं टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा, आणि दोन्ही सावलीत, झाडाच्या घेराच्या उंचीवर टांगा. साधारण २० ते २५ अंशांत कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमध्ये १ अंश किंवा त्याहून कमी फरक असेल तर हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर आहे. तेवढ्या हवेत भिजलेलं पान सुकत नाही आणि रात्री दव पडायची शक्यता मोठी. वात आठवड्याला बदला. क्षार चढलेली वात चुकीचा आकडा दाखवते आणि ते पटकन लक्षात येत नाही.

पण खरं मोजमाप हाताचंच. सकाळी नऊला झाडाच्या बाहेरच्या, उगवतीकडच्या पानाला हात लावा. मग घेरात हात घालून गुडघ्याच्या उंचीवरचं आतलं पान खालून चाचपा. बाहेरचं कोरडं आणि आतलं ओलं, असं पावसाळ्यात नेहमी सापडेल. दाट झाडात हा फरक दोन-तीन तासांचा असतो. वहीत आतल्या पानाची वेळ लिहा, कारण रोग तिथूनच सुरू होतो.

जमिनीलगतच्या हवेचं वागणं वेगळं असतं, हे पुण्याला नवं नाही. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग इथेच १९३२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच सुमारास हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी दाखवून दिलं, की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत थंड हवा थेट मातीला टेकून नसते, तर वीत-दोन वीत वर असते. लिंबाच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या नेमक्या त्याच थरात असतात. ऑक्टोबरात दव तिथे आधी येतं आणि उशिरा जातं.

वहीत रोज पाच रकाने पुरेत: पाऊस, पान ओलं झाल्याची वेळ, सुकल्याची वेळ, किमान-कमाल तापमान, आणि नवतीची अवस्था. जुन्नर-नारायणगावकडच्या द्राक्षबागांत पानांची ओल मोजणारी स्वयंचलित यंत्रं असतात. शेजारी अशी बाग असेल तर त्यांचा आकडा मागून घ्या, फक्त द्राक्षाचा मांडव आणि लिंबाचा घेर वेगळ्या वेगाने सुकतात हे धरून चाला.

कोणत्या रोगाला किती ओल

मेलॅनोजला २५ अंशांच्या आसपास सलग १० ते १२ तास ओल पुरते. १५ अंशांवर त्यालाच १८ ते २४ तास लागतात. या एका जोडीवरून पुण्याचं बरंच कोडं सुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं तापमान रात्री २२ आणि दिवसा २८ अंशांच्या आसपास फिरतं, म्हणजे महिनाभर बुरशीच्या सोयीचं, आणि भुरभुरीमुळे बारा तास ओल कुठल्याही रात्री भरते. डिसेंबरात रात्र ११-१२ अंशांवर उतरते आणि दव सात-आठ तासच टिकतं, तेव्हा मेलॅनोजसाठी फवारणी करणं म्हणजे पैसे मातीत. मेलॅनोजचे बहुतेक बीजाणू हवेतून उडत येत नाहीत. ते झाडावरच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे सलीवर, तयार होतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर खालच्या कोवळ्या पानांवर उडतात. पान पूर्ण आकाराचं होऊन जून झालं की त्याला नवा संसर्ग होत नाही.

शेंडेकरप्याची गोष्ट याच सलीशी जोडलेली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात, विशेषतः पाण्याचा ताण जास्त झालेल्या झाडावर, बारीक फांद्या मरतात. त्या मेलेल्या लाकडावर बुरशी दबा धरून बसते. जूनचा पाऊस लागला की तिच्यावर चिकट बीजाणूंचे ठिपके उमलतात आणि थेंबांच्या उडण्याने नव्या फुटीवर जातात. म्हणजे जुलैतल्या रोगाची तयारी मे महिन्यात झालेली असते. नुसतं ‘पावसाने झाड गेलं’ म्हणण्यात अर्थ नाही. कागदी लिंबाची कोवळी फूट या रोगाला मोसंबीपेक्षा जास्त बळी पडते.

स्कॅब सगळ्यात घाईचा. दोन ते चार तासांची ओल त्याला पुरते, पण पान अगदी कोवळं, अर्धवट उलगडलेलं असावं लागतं. मोसंबीवर तो फारसा दिसत नाही. जांभेरी आणि रंगपूर लिंबू मात्र त्याला हमखास बळी पडतात, आणि मोसंबीची कलमं याच खुंटांवर बांधलेली असतात. म्हणून रोपवाटिकेत सकाळ-संध्याकाळ झारीने किंवा तुषाराने पानांवर पाणी मारणं म्हणजे स्कॅबला हाताने जेवण वाढणं. बागेत कलमाच्या जोडाखालून फुटलेले पानसोट खपल्यांनी भरलेले दिसले तर औषध शोधू नका, ते मुळाशी उपटून टाका.

तेलकट डाग याच्या अगदी उलट, सावकाश चालणारा. त्याची बुरशी झाडाखाली कुजणाऱ्या पानांत पिकते. पाला आलटून-पालटून भिजला-सुकला की पुढच्या पावसात बीजाणू हवेत फेकले जातात आणि पानाच्या खालच्या बाजूला चिकटतात, कारण लिंबूवर्गाची जवळजवळ सगळी पर्णरंध्रं खालीच असतात. २५ ते ३० अंश आणि दमट रात्री सलग मिळाल्या की बुरशी पृष्ठभागावर वाढून रंध्रातून आत जाते. डाग मात्र दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा उमटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसणाऱ्या डागाचा संसर्ग पावसाळ्यातला असतो, आणि डाग दिसल्यावर मारलेलं औषध झालेल्या डागाला काहीच करत नाही. जून पानांनाही हा लागतो, एवढं मेलॅनोजपेक्षा वेगळं लक्षात ठेवा.

भुरीला पानावर पाणी नकोच. धो-धो पावसात ती धुऊन जाते. ढगाळ दिवस, सावली, १८ ते २५ अंश आणि दमट हवा एवढ्यावर ती कोवळ्या पानांवर पसरते. पावसाळा सरल्यावर गारठा सुरू झाला की भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीतली लिंबाची झाडं आधी तपासा.

मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा खरं तर पारंपरिक अर्थाने बुरशी नाही आणि तो मुळाशी चालतो, पण त्याची खबर पानंच देतात: मधली शीर पिवळी पडते, पानं कोमेजून गळतात, बुंध्यावर डिंक येतो. त्याला मोजायचे तास पानावरचे नव्हेत, आळ्यात पाणी साचून राहिल्याचे. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत पावसाळ्यापूर्वी दोन ओळींमधून चर काढा आणि बुंध्याला मातीची भर देऊन कलमाचा जोड गाडू नका.

पुण्याचं वर्ष

पुणे जिल्हा म्हणजे एक हवामान नव्हे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिवाजीनगरला साधारण ७२० ते ७५०, आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. मुळशी-मावळच्या घाटाकडच्या पट्ट्यात लिंबाची व्यापारी बाग लावूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे ओलीचे तास औषधाने भरून निघत नाहीत. शिरूर, दौंड, पुरंदर, इंदापूर इथे मात्र रोगाच्या खिडक्या मोजक्या असतात आणि त्या ओळखता येतात.

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत सल काढून व्हायला हवी. वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. वाळलेली फांदी मेलेल्या भागात न कापता खालच्या हिरव्या भागात तीन-चार सेंटिमीटर आत कापा. दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवा आणि पुसा. जाड कापावर आणि बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. छाटलेल्या काड्या बांधावर रचून ठेवू नका, पहिल्या पावसात त्याच बीजाणू उडवतील. झाडाखालचा पाला गोळा करून खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा.

जमिनीला टेकणाऱ्या फांद्या गुडघ्यापर्यंत उचलून घ्या आणि घेराच्या मधून दोन-तीन फांद्या अशा काढा, की दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे दिसतील. एवढ्याने आतलं पान सकाळी लवकर सुकतं. लवकर सुकलेला प्रत्येक तास म्हणजे न लागलेलं औषध. जास्त उघडं करू नका, नाहीतर मेच्या उन्हात फांद्यांची साल भाजते आणि नवी सल तयार होते.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर नवती फुटते. पहिली फवारणी पाऊस लागल्यावर नव्हे, लागण्याआधी. ताम्रयुक्त औषध पानावर थर धरतं, आत शिरत नाही. बीजाणू रुजून आत गेला की तो थर बाहेर नुसता बसून राहतो. शेतीसाठी हवामान सांगणाऱ्या मेघदूत अ‍ॅपवर तालुक्याचा अंदाज पाहा. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. सलग तीन-चार दिवस ढगाळ आणि हलक्या पावसाचा अंदाज, आणि झाडावर बोटभर नवती, अशी जुळणी दिसली की कोरडी सकाळ गाठा. फवारा पूर्ण सुकायला तीन-चार तास लागतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दर २० ते २५ दिवसांनी पुन्हा एकदा. पण कॅलेंडरपेक्षा नवतीकडे पाहा: फवारणीनंतर उलगडलेल्या पानावर औषधाचा कणही नसतो. मोठी फूट आली असेल तर पंधरा दिवसांतच पुन्हा फवारा. फूट नसेल आणि आठवडाभर उघडीप असेल तर थांबा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर, विजांसह येतो. हस्त बहराची, म्हणजे याच दिवसांतल्या फुलोऱ्याची, नवती याच वेळी असते आणि पहाटे दव सुरू होतं. संध्याकाळचा पाऊस आणि पहाटेचं दव एकमेकांना जोडलं गेलं की पान रात्रभर ओलं राहतं, जरी पर्जन्यमापकात ६ मिलिमीटरच भरले असले तरी. या महिन्यात संध्याकाळचं पाणी देणं बंद करा. ठिबक असेल तर पहाटे नव्हे, सकाळी नऊनंतर चालवा. पाटपाण्याने आळी भरत असाल तर तण कापून ठेवा, कारण कमरेएवढं गवत झाडाखालची हवा कोंडून धरतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी भुरीवर नजर. दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २ ते ३ ग्रॅम प्रति लिटर, सकाळच्या थंड वेळी. ऊन ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर गंधक नको, पान भाजतं. खनिज तेल किंवा नीम तेल फवारलं असेल तर तीन आठवडे गंधक लांब ठेवा.

बोर्डो: चुकतं कुठे

एक टक्का बोर्डो १० लिटरला असा करा. १०० ग्रॅम मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत टांगा. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको, तांबं तिच्यावरच चढतं. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडा, शांत झाला की ५ लिटर करा आणि फडक्याने गाळा. चुन्याची निवळी ढवळत त्यात मोरचुदाचं पाणी बारीक धारेने ओता. रंग आभाळी निळा यायला हवा. मग घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर द्रावण आम्लधर्मी आहे, अजून निवळी घाला. पातं स्वच्छ निघालं की गाळून पंपात, आणि त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलेल्या बोर्डोचा गाळ बसतो आणि तो पानाला चिकटत नाही.

बहुतेक वेळा बिघडतं ते चुन्यामुळे. पोत्यात महिनोन्‌महिने उघडा राहिलेला चुना हवा पिऊन खडूसारखा होतो. वजन १०० ग्रॅम भरतं, पण ताकद नसते, मोरचूद मोकळं राहतं आणि कोवळी पानं करपतात. पिशवीतला आधीच फोडलेला, भुकटीचा चुना वापरत असाल तर १०० ऐवजी १३० ग्रॅम घ्या आणि पात्याची कसोटी तरीही करा.

दुसरी चूक भुरभुर चालू असताना फवारण्याची. थर सुकत नाही, तांबं हळूहळू विरघळत राहतं आणि कोवळ्या पानांवर बारीक काळे ठिपके उमटतात. मग ते रोगाचे समजून आठवड्यात पुन्हा ताम्र मारलं जातं. ठिपके सगळ्या पानांवर सारखे, एकाच वयाच्या फुटीवर आणि फवारणीनंतर चार-पाच दिवसांत एकदम आले असतील तर तो रोग नाही, औषधाचा डाग आहे. फार कोवळ्या फुटीवर बोर्डो ०.६ टक्क्यांवर आणा, म्हणजे १० लिटरला ६० ग्रॅम मोरचूद आणि तेवढाच चुना. फुलं उमललेली असताना ताम्र टाळा.

बोर्डो जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २.५ ते ३ ग्रॅम प्रति लिटर. कुठलंही औषध घ्या, डब्यावर लिंबूवर्गासाठी शिफारस आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते वाचा. लिंबाची तोडणी चालूच असते, म्हणून हा कालावधी लोक सहज विसरतात.

नोझल खालून वर धरा. तेलकट डाग रंध्रातून शिरतो, आणि वरून धुतलेल्या पानाची खालची बाजू कोरडीच राहते. फवारून झाल्यावर आतलं एक पान उलटं करून पाहा. निळसर ठिपके दाट नसतील तर ते झाड झालेलं नाही. पूर्ण वाढलेल्या लिंबाला आकारानुसार पाच ते दहा लिटर लागतात, आणि पंपाच्या दोन लिटरांत झाड उरकणाऱ्या मजुराला वेळ कमी पडलेला असतो, औषध नव्हे.

गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाला बहुधा औषधच लागत नाही. पुण्यात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा जून ते सप्टेंबर कुंडी गच्चीच्या पूर्वेला, छज्जाखाली पण उजेडात सरकवा. दोन कुंड्यांमध्ये हात सहज जाईल एवढं अंतर ठेवा, पाणी मातीला द्या, आणि गळलेली पानं कुंडीत खत म्हणून राहू देऊ नका. डागाळलेली पाच-सहा पानं खुडली तर झाडाचं काही जात नाही. निम्मी खुडली तर जातं.

राहिली मार्च-एप्रिलची गारपीट. गारेने पान फाटतं, साल सोलते, आणि प्रत्येक जखम हे उघडं दार असतं. पाऊस थांबून पानं निथळली की २४ ते ४८ तासांच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटरने झाड भिजवा. मोडलेल्या फांद्या त्याच दिवशी छाटू नका. आठ-दहा दिवसांत कुठपर्यंत वाळतं ते दिसेल, मग हिरव्या भागात कापा आणि मलम लावा.